जंगल कुठल्या विभागात शिकवतात? बेळगाव जिल्ह्यातल्या विभागप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव आणि खानापूर भागातील महाविद्यालयांचे व विद्यापीठाचे सर्व विभागप्रमुख,

सप्रेम नमस्कार.

मी खानापूरच्या तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितो. मराठीत, कन्नडमध्ये, आणि वेळ आलीच तर शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजीतही. माझी पदवी साध्या बी.ए.ची. तुम्हाला शिकवण्याइतका मी मोठा नाही. पण जंगलाबाबतचे जितक्या तऱ्हेचे कागद माझ्या टेबलावर येतात, तितके रेंजर साहेबांच्या टेबलावरही येत नसावेत. त्यांच्याकडे फक्त त्यांच्या खात्याचे येतात. माझ्याकडे मालकीतली झाडे तोडायला परवानगी मागणारा येतो, गव्यांनी भात तुडवला म्हणून भरपाई मागणारा येतो, वनहक्काचा दावेदार येतो, बगर हुकूमचा, म्हणजे विनापरवाना कसलेली सरकारी जमीन नावावर करून मागायचा, फॉर्म ५७ कुठे अडकला ते विचारणारा येतो. भावाभावांची वाटणी येते, दवाखान्याच्या खर्चासाठी मदतीचा अर्ज येतो. पुष्कळदा हे सगळे घेऊन येणारा माणूस एकच असतो, फक्त साल वेगळे असते.

म्हणून तुमच्याकडे एक तक्रार आहे आणि एक मागणी आहे.

तक्रार आधी. दर वर्षी २१ मार्चला, जागतिक वनदिनाला, एखाद्या तरी महाविद्यालयात ‘जंगलतोड : कारणे आणि उपाय’ असे व्याख्यान ठरलेले. वनस्पतिशास्त्राचे सर बोलतात, रोप लावतानाचा फोटो निघतो, चहा होतो. कारणे नेहमीचीच सांगितली जातात: लोकसंख्यावाढ, औद्योगिकीकरण, जनजागृतीचा अभाव. पहिल्याच कारणाशी मी अडतो. जांबोटीच्या वरच्या अंगाला, कणकुंबी, पारवाड, चिगुळे या पट्ट्यात जाऊन बघा. कुलूप घातलेली घरे मोजा. पोरे गोव्यात हॉटेलात, बेळगावात उद्यमबागेत, नाहीतर पुण्यात. माणसे कमी होत चाललेल्या गावातसुद्धा झाड पडतेच. मग लोकसंख्यावाढ हे कारण इथे कुणी तपासून लिहिले, की दुसऱ्या कुठल्या देशाच्या पुस्तकातून उतरवून घेतले?

वनस्पतिशास्त्राच्या सरांचा यात दोष नाही. त्यांना जेवढे दिसते तेवढे ते नीट सांगतात. पण जंगल तुटते त्याची अर्धी कारणे त्यांच्या विषयाच्या कुंपणाबाहेर आहेत. तिथे उभे असलेले तुम्ही बाकीचे त्या दिवशी व्याख्यानाला आलेलेच नसता.

एक उदाहरण सांगतो. नावगाव सांगत नाही, आणि अशी प्रकरणे इतकी येतात की सांगायची गरजही नाही. जंगलाला लागून भाताची दोन-तीन एकर जमीन आहे, वर उतारावर मालकीची राई आहे. ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ, मधे मधे साग. भाऊ तिघे, दोघे बाहेरगावी. रानात राहिलेला भाऊ एकटा राखण करू शकत नाही. रात्री गवे येतात, रानडुकरे येतात. दोनेक दशकांपूर्वी हत्ती दांडेलीकडून खानापूर, चंदगड करत थेट तिलारीत उतरले, तेव्हापासून तीही धास्ती आहे. चार वर्षे भरपाईचे अर्ज करून माणूस थकतो आणि भात लावायचे सोडतो. जमीन पडीक पडते. मग वाटणी निघते. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीपासून बहिणींचाही बरोबरीचा हिस्सा आहे. तो त्यांचा हक्कच आहे. पण हिस्सा पैशात द्यायचा तर पैसा कुठून आणायचा? तेवढ्यात व्यापारी येतो, उभी राई उक्ती मागतो. झाडनिहाय मोजणी नाही, रोख हातात. मग माझ्या टेबलावर अर्ज येतो. कर्नाटकात झाडे राखण्याचा कायदा १९७६ पासून आहे, म्हणून परवानगी लागते, लाकूड हलवायला पास लागतो. अर्जात ‘तोडण्याचे कारण’ असा रकाना असतो. त्यात मी लिहितो: घरगुती अडचण.

झाडे गेल्यावर तिथे काजू लागतो. काजूला राखण कमी, मजूर कमी.

आता मला सांगा, ही जंगलतोड कुणाची? अर्थशास्त्राचे सर म्हणतील, उक्त्या सौद्यात शेतकऱ्याला मोजमापच कळत नाही, बाजार एकतर्फी आहे. समाजशास्त्राच्या मॅडम म्हणतील, स्थलांतराने घर रिकामे केले. प्राणिशास्त्रवाले म्हणतील, गव्यांची हालचाल का बदलली ते आधी बघा. कायद्याचे सर वारसा हक्क आणि परवानगीची अट समजावतील. वाणिज्यवाले काजूचा भाव दाखवतील. सगळे खरे बोलत असतील, आणि तरीही राई का तुटली हे त्यांच्यापैकी एकट्या कुणालाही पुरते सांगता येणार नाही. कारण ही कारणे एकापुढे एक उभी नाहीत. गवा आला नसता तर जमीन पडीक पडली नसती, आणि ती पडीक नसती तर हिस्सा कदाचित धान्यात देता आला असता. एक ढकलते तेव्हा दुसरे हलते. हे ढकलणे कुठल्या पेपरात येते, कितव्या सेमिस्टरला?

एकाच विषयाच्या डोळ्याने बघितले की काय होते, याचा धडा आपल्या शेजारीच आहे, दांडेलीच्या रानात. तिथे १९५० च्या दशकात कागद गिरणी निघाली आणि उत्तर कन्नडचा बांबू तिला नाममात्र दराने मिळू लागला. वीसेक वर्षांत बांबू संपत आला. खात्याचे आणि गिरणीचे म्हणणे एकच: गावकऱ्यांची गुरे कोंब खातात. १९७० च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ तिथे अभ्यासाला गेले. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे जाळे असते. दाटी झाली की बेट वाढत नाही, अशा समजुतीने ते जाळे साफ केले जात होते. गावकरी सांगत होते की ते काटेच कोंबाचे कुंपण आहे, ते काढले की गुरे आणि रानातली जनावरे कोवळा कोंब खाणारच. मोजणी केल्यावर गावकऱ्यांचे खरे निघाले. गुरे कोंब खात होती हे खोटे नव्हते, पण त्यांना वाट शास्त्राच्या नावाने करून दिली होती.

याच गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती वनस्पतिशास्त्राची नाही. गिरणीला बांबू जवळजवळ फुकट, आणि टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरुड-मेदारांना तोच बांबू बाजारभावाने. ज्याला माल फुकट मिळतो तो एक रान संपले की पुढच्या रानाकडे वळतो, राखून ठेवायची त्याला गरज काय? काट्यांचे काम वनस्पतिशास्त्र सांगेल, दराचे काम अर्थशास्त्र. आणि खानापूरच्या बाजारात सूप विणणारा माणूस धंदा सोडून गवंडीकामावर का गेला, ते विचारायला समाजशास्त्राच्या पोराला उन्हात उभे राहावे लागेल. तिन्ही एकत्र बसवल्याशिवाय ‘बांबू का संपला’ या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही.

तुम्ही म्हणाल, हे नवे काय सांगतोस. खरेच, नवे काही नाही. मुंबई इलाख्यात १८४७ साली जंगलांचा पहिला कॉन्झर्व्हेटर नेमला गेला तो अलेक्झांडर गिब्सन पेशाने डॉक्टर होता, आणि पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुखही. एकाच माणसाकडे औषध, वनस्पती आणि सरकारी कारभार. झाडे गेली की ओढे आटतात, हे तो तेव्हा सरकारला कळवत होता. पुढे गोदीला साग हवा, रेल्वेला स्लीपर हवेत, तिजोरीला महसूल हवा, म्हणून हे खाते लाकडाचा हिशेब ठेवणारे होऊन बसले. १८८८ च्या सुमाराला लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे मुरगावपर्यंत रेल्वे गेली. लोंढा, नागरगाळी ही नावे लाकडाच्या धंद्यात घराघरात पोचली ती त्या रुळांमुळे. घाटातली कुमरी, म्हणजे झाडझाडोरा जाळून केलेली फिरती शेती, सरकारने आवळत आणली, आणि ती करणाऱ्यांच्या माथी जंगल नासल्याचा शिक्का मारला. जोतीराव फुले १८८३ साली जंगलखात्याने शेतकऱ्यांची गुरचराई कशी गिळली ते तिखट शब्दांत लिहून गेले आहेत. मराठी विभागात फुले शिकवतात, इतिहास विभागात १८७८ चा जंगल कायदा शिकवतात. एका इमारतीत, दोन वेगळ्या मजल्यांवर.

आता मराठी विभागाला थोडे जास्त बोलतो, कारण जंगलाच्या प्रश्नात त्यांना कुणी बोलावत नाही आणि तेही आपणहून येत नाहीत.

वनहक्क कायदा २००६ चा. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वनवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, तिथे राहात असल्याचे दाखवावे लागते. हिशेब केला तर १९३० सालात जाऊन पोचतो. त्या वर्षी खानापूर तालुका मुंबई इलाख्यात होता. त्या काळचे फेरफार, पावत्या, पाटलांच्या दप्तरातले कागद पुष्कळसे मराठीत आहेत, काही मोडीत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतरचे कागद हळूहळू कन्नडमध्ये गेले. दावेदाराच्या ट्रंकेत आज्याचा कागद असतो आणि घरातल्या कुणालाही तो वाचता येत नाही. कचेरीतल्या साहेबांनाही येत नाही, ते बिचारे विजापूर नाहीतर मंड्याहून बदलून आलेले असतात. सीमाप्रश्नावर दोन्हीकडचे पुढारी गेली किती वर्षे बोलताहेत. पण खानापूरच्या एखाद्या वाड्यावरच्या माणसाला आज्याचा कागद वाचून, त्याचा नीट कन्नड तर्जुमा करून देणारा माणूस जिल्ह्यात शोधावा लागतो. माझ्या मते भाषेचे प्रेम दाखवायला याहून चांगली जागा सापडणार नाही. मराठी विभागाने मोडी शिकवावी, कन्नड विभागाने तर्जुमा तपासून द्यावा, आणि दोघांनी मिळून एकेक दावा उभा करावा.

कागदच नसेल तर? गवळी धनगरांच्या वाड्यांवर बहुधा नसतोच. गुरे घेऊन डोंगरावर राहणाऱ्याला १९३० साली पावती कोण देणार होते? पण कायद्याच्या नियमांत, तेराव्या नियमात, कागदाशिवायचेही पुरावे धरले आहेत. वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब, जुनी विहीर, घराचे जोते, दफनभूमी, देवस्थान, जुनी गॅझेटियर, जनगणना. एकापेक्षा जास्त पुरावे असले की विचार करायचा, असे तिथे म्हटले आहे. प्रत्यक्षात कचेरीत पहिला प्रश्न येतो, कागद कुठे आहे? आता जोत्याचे वय कोण सांगणार? इतिहास आणि पुरातत्त्ववाले. वाड्याची जागा नकाशावर कोण बसवणार? भूगोलवाले. म्हाताऱ्याचा जबाब त्याच्याच बोलीत, त्याच्या तोंडी आपले शब्द न घालता कोण लिहून घेणार? हे काम माझ्यासारखा अर्जवाला नीट करत नाही, मी साहेबांना आवडेल तसे लिहितो. समाजशास्त्राच्या पोरांना मुलाखत कशी घ्यायची ते शिकवलेले असते, परीक्षेत लिहून झाल्यावर ते कुठे वापरतात कुणास ठाऊक.

हक्क दिले तर जंगल तुटेल, असे म्हणणारे वन्यजीवप्रेमी तुमच्यातही आहेत. त्यांनीही यावे, आणि विरोधातच बोलावे. मला सगळ्यांचे एकमत नको आहे.

गणित आणि संख्याशास्त्राच्या विभागांना वाटत असेल, आपला काय संबंध. भारतीय वन सर्वेक्षणाचा अहवाल उघडा. त्यांच्या हिशेबाने एक हेक्टरहून मोठ्या ज्या जमिनीवर झाडांच्या शेंड्यांची सावली दहा टक्क्यांहून जास्त, ती वनाच्छादनात धरतात. जमीन कुणाची आणि झाड कुठले, हे बघत नाहीत. म्हणजे मघाच्या शेतकऱ्याने ऐन-किंजळ तोडून काजू लावला की काही वर्षांनी उपग्रहाला तिथे पुन्हा वन दिसते. निलगिरी, अकेशिया, आंब्याची बागसुद्धा त्यातच. कागदावर तूट भरून निघाली, पण बुंध्याच्या ढोलीत घरटे करणारा धनेश पक्षी काजूच्या झाडावर काय करणार? आकडा खोटा नसतो, त्याची व्याख्या मात्र कुणीतरी केलेली असते. संख्याशास्त्राच्या मुलांना हे शिकवायला खानापूर तालुक्यासारखी प्रयोगशाळा नाही.

आणखी एक हिशेब. जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरून घेतात. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेले दर हेक्टरी ४.३८ लाखांपासून १०.४३ लाख रुपयांपर्यंत होते, पुढे ते वाढले. यात भविष्यातल्या रुपयाला आजच्या रुपयाहून कमी मोलाचे धरतात. दर साल आठ टक्के धरले तर साठ वर्षांनी मिळणारे एक लाख रुपये आज जेमतेम एक हजाराचे ठरतात. साग तयार व्हायला साठ वर्षे लागतात. म्हणजे नातवाच्या वाट्याचा साग आजच्या हिशेबात जवळजवळ शून्य. हे गणित चूक आहे असे मी म्हणत नाही, बँक तसेच मोजते. पण आठ टक्के घ्यायचे की दोन, हा प्रश्न गणिताचा नाही. तो नातवाचे आपण किती देणे लागतो याचा आहे, आणि ते तत्त्वज्ञान विभागाचे काम. आहे का तो विभाग अजून, की बंद झाला?

कायद्याच्या सरांसाठी आपल्या उंबऱ्यावरचे प्रकरण आहे. कॅसलरॉक ते कुळे रेल्वेचे दुपदरीकरण. वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतली. त्याआधी न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीने फक्त वाघ आणि झाडे बघितली नव्हती, एवढा खर्च करून वाहतुकीची क्षमता वाढवण्याची गरजच काय, हेही विचारले होते. न्यायालयाला असा निकाल द्यायला चार शास्त्रे एकत्र लागतात. तुमच्या वर्गात मात्र त्यांची गाठ पडत नाही. उलट बाजूलाही बघा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले की कागदावर मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जंगल ते जंगल. त्यावरून कर्नाटकात ‘मानीव वन’ म्हणून जवळजवळ दहा लाख हेक्टर जमीन नोंदली गेली, आणि २०२२ मध्ये राज्याने ती सुमारे ३.३० लाख हेक्टरवर आणली. एक झाड न तोडता सहा लाखांवर हेक्टर जंगल यादीतून गेले. काही ठिकाणी तिथे खरोखर गावठाण आणि शेती होती, हेही तितकेच खरे. कुठे काय होते, ते तालुक्या-तालुक्यात जाऊन बघायचे काम विद्यार्थ्यांचे होते.

वैद्यकीयवाल्यांना दोनच ओळी. माकडताप पहिल्यांदा १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर रानात सापडला. २०१५-१६ पर्यंत तो गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, बांद्याकडे पोचला होता, काजूच्या बागांत राबणाऱ्यांना झाला होता. आपल्याकडची माणसे काजूच्या हंगामात तिकडेच कामाला जातात. गोचीड रानाच्या तुटक्या कडेला, माणूस, माकड आणि गुरे एकत्र येतात तिथे चावते. बेळगावात पारंपरिक औषधींवर काम करणारी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, संस्था आहे, वैद्यकीय महाविद्यालये आहेत. भूगोल विभागाचा नकाशा त्यांनी कधी मागितला आहे का?

म्हादईबद्दल लिहिले नाही तर तुम्ही म्हणाल, घाबरला. म्हादई आपल्याच तालुक्यात उगम पावते आणि मलप्रभाही, कणकुंबीला. एक पश्चिमेला जाते, दुसरी पूर्वेला. २०१८ मध्ये म्हादईच्या पाणीवाटपाच्या लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले, त्यातले कळसा आणि भांडुरा या ओढ्यांचे मिळून ३.९. हुबळी-धारवाडला प्यायला पाणी हवे, हे नाकारणारा मी कोण? बेळगाव शहरसुद्धा राकसकोपचे, मार्कंडेयचे पाणी पिते, आणि ती नदीही बैलूरकडच्या याच डोंगरातून येते. पण बंगळूर, पणजी आणि मुंबईत जे भांडण चालते त्यात पाणी नळातून सुरू होते. ते ज्या मातीत आणि मुळांत चार महिने धरले जाते, त्यांचा वकील कुणी नाही. पूर्वेकडे सौंदत्तीच्या धरणात येणाऱ्या पाण्याचा आणि कणकुंबीतल्या तुटलेल्या राईचा संबंध किती, हे जलविज्ञानाने मोजून सांगायला हवे. झाडे खूप पाणी पितातही, त्यामुळे उत्तर आपल्याला आवडेल तसेच येईल असे नाही. पण मोजा तर खरे. इथले पुढारी एकतर ‘आमचे पाणी’ म्हणतात, नाहीतर ‘आमची आई’, आणि दोघांच्याही भाषणात कणकुंबीच्या शेतकऱ्याचे नाव नसते.

आता तळेवाडी. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले, सुमारे १९० चौरस किलोमीटर. बारापेडे गुहांमधल्या दुर्मिळ वटवाघळामुळे जगातल्या प्राणिशास्त्रज्ञांना हे रान शंभर वर्षांपासून माहीत आहे. आत गावे आहेत. पावसाळ्यात आजारी माणसाला तिरडीसारख्या डोलीवर घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, हे वर्तमानपत्रात फोटोसकट येऊन गेले. तळेवाडीच्या कुटुंबांनी प्रत्येकी पंधरा लाखांच्या पॅकेजवर २०२५ मध्ये बाहेर पडायचे मान्य केले. काही जण म्हणतात सुटले, काही म्हणतात काढले. मला दोन्ही बाजूंचे लोक भेटतात आणि दोघांचेही पटते. रस्ता, दवाखाना, शाळा दिली नाही की माणूस स्वखुशीने जातो, पण अशी स्वखुशी मोजायची कशी, हे कुठल्या शास्त्राकडे आहे? त्या माणसांना पाच वर्षांनी शोधून काढा. पंधरा लाखांचे काय झाले, नव्या जागी सरपण कुठून येते, गुरे विकली का, देवाची जत्रा अजून जुन्या जागी भरते का? सोडलेल्या गावात रान परत कसे चढते, तेही त्याच वेळी मोजा. एका विभागाने माणसांकडे आणि दुसऱ्याने झाडांकडे बघून दोन वेगळे प्रबंध छापले तर पुढच्या गावाला त्याचा काही उपयोग होणार नाही. भीमगडात अजून गावे आहेत, आणि त्यांना लवकरच विचारले जाणार आहे.

तुमची अडचण मला कळते. वर्कलोड, अंतर्गत गुण, नॅकची फाइल. २०२० च्या शिक्षण धोरणाने ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द आणला, चार वर्षांची पदवी आली, आणि २०२४ मध्ये कर्नाटकाने ती गुंडाळून पुन्हा तीन वर्षांची केली. तुम्ही प्रत्येक वेळी नवे तक्ते भरलेत. शिवाय तुमच्यातले काही म्हणतील, सगळे विषय थोडे थोडे शिकवले की पोरांना एकही नीट येत नाही. या आक्षेपात दम आहे. म्हणून मी नवा खिचडी पेपर मागत नाही. वनस्पतिशास्त्राच्या पोराने वनस्पतिशास्त्रच पक्के शिकावे. पण त्याने ते ज्या गावात जाऊन वापरायचे, त्याच गावात, त्याच वर्षी, त्याच सर्व्हे नंबरांवर अर्थशास्त्राच्या पोरीने आणि इतिहासाच्या पोराने आपापले काम करावे. मग तिघांनी एका टेबलावर बसून भांडावे. शेतकऱ्याला मालकीचे झाड सहज तोडू द्यावे का? अर्थशास्त्र म्हणेल, द्यावे, नाहीतर तो नवे झाड लावणारच नाही, उगवलेले रोपही उपटेल. वनस्पतिशास्त्र म्हणेल, दिले तर पाच वर्षांत उतार बोडका होईल. दोघांकडेही मोजमाप असेल. ते भांडण वर्गात विद्यार्थ्यांपुढे झाले तर त्यांना जे कळेल ते पाच व्याख्यानांनी कळणार नाही.

तर मागणी अशी. खानापूर तालुक्यातले एक गाव निवडा, फार आत नको, बस जाते असे. निदान पाच विभागांनी ते तीन वर्षांसाठी घ्यावे. विज्ञानाचे दोन, समाजशास्त्रांतले दोन, भाषेचा एक. ग्रामसभेला आधी विचारा. काय शोधायचे त्यातला एक प्रश्न गावाने ठरवावा. शेवटी जे निघेल ते मराठीत आणि कन्नडमध्ये ग्रामसभेपुढे वाचून दाखवा, इंग्रजी जर्नलमध्ये नंतर छापा. शेजारच्या चंदगडच्या महाविद्यालयालाही बोलवा. तोच डोंगर, तोच हत्ती, तोच काजू, पण कायदे महाराष्ट्राचे. एकाच रानाला दोन राज्यांचे नियम लागल्यावर काय होते, ही तुलना देशात फार थोड्या महाविद्यालयांना चालत जाऊन करता येईल. तुम्हाला ती एस.टी.च्या तिकिटात होते.

माझ्याकडून काय मिळेल तेही सांगतो. अर्जदारांची संमती घेऊन, नावे आणि सर्व्हे नंबर झाकून, मी माझ्याकडच्या जुन्या अर्जांच्या प्रती दाखवीन. कोणत्या वर्षी कोणत्या तऱ्हेचे अर्ज वाढले हे पोरांनी त्यावरून मोजावे. तोडीची परवानगी, भरपाई आणि वाटणी यांचे गठ्ठे मी वेगवेगळे बांधून ठेवले आहेत. एकाच घराचे तिन्ही गठ्ठ्यांतले कागद शेजारी लावले तर बरेच काही दिसेल, असा माझा अंदाज आहे. सकाळी अकराच्या आत या, नंतर गर्दी असते. येताना मोडी वाचणारा एक माणूस तेवढा घेऊन या. माझ्याकडे एका धनगर कुटुंबाचा कागद येऊन पडला आहे, आणि त्यांची सुनावणी जवळ आली आहे.

आपला,
खानापूर कचेरीबाहेरचा एक अर्जलेखक